मातीकाम सुरू करायचंय: माती, वाळवण, भाजणी याबद्दल बेसिक शंका

नवशिकी
नमस्कार मंडळी. कधीपासून मनात घोळतंय, आता एकदाचं मातीकाम सुरू करायचंच असं ठरवलंय. व्हिडिओ ढीगभर बघून झाले पण त्यात काय, चाकावर गोळा ठेवला की अर्ध्या मिनिटात फुलदाणी उभी आणि लगेच ती चकचकीत होऊन टेबलावर, मधलं काहीच दाखवत नाहीत. तर माझे प्रश्न, अगदी बाळबोध आहेत, हसू नका. बागेतली माती चालते का विकतचीच आणावी लागते? चाक नसेल तर काहीच करता येत नाही का? घरच्या ओव्हनमध्ये भाजून चालेल का? आणि सगळ्यात मोठी भीती, भट्टीत भांडी फुटतात म्हणे, ती नक्की का फुटतात? एकीकडे वाचलं की हवेचा बुडबुडा राहिला की फुटतं, दुसरीकडे एक बाई ठासून सांगत होत्या की बुडबुड्याचा काही संबंध नाही.

अर्धवट
आपण भट्टीच्या भोकातून टक लावून बघत बसतो म्हणून फुटतात. चालू द्या, मी पहिल्या रांगेत बसलोय.

ओलीमाती
नवशिकी, स्वागत. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो नीट कळला ना की बाकीचं निम्मं आपोआप कळतं.

भांडं फुटतं ते पाण्यामुळे. वरून कोरडं दिसणाऱ्या भांड्याच्या आत, विशेषतः जाड बुडात, ओल राहिलेली असते. भट्टी १०० अंशांच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळपास १७०० पट जागा लागते, मातीच्या बारीक छिद्रांतून ती तितक्या पटकन बाहेर पडू शकत नाही, मग ती स्वतःची वाट स्वतः काढते. त्या बाई बरोबर सांगत होत्या. पूर्ण कोरड्या भांड्यात बुडबुडा राहिला तर आतली हवा तापते, थोडी फुगते आणि छिद्रांतून निघून जाते. मग बुडबुडा उगाच बदनाम का झाला, तर जिथे बुडबुडा सापडतो तिथे भिंत बहुतेक वेळा जाड असते आणि जाड म्हणजे आतून ओली. तरी मळताना बुडबुडे काढायचेच, कारण चाकावर भिंत वर ओढताना मध्येच बुडबुडा लागला की बोट अडखळतं आणि भांडं हेलकावे खायला लागतं.

वाळलंय का हे ओळखायला भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर अजून पाणी उडतंय, खोलीइतकंच लागलं तर वाळलं. बोटांना हा फरक कळत नाही, गालाला बरोबर कळतो. आणि बुडाला लावायचं हं, काठाला लावून समाधान मानायचं नाही, काठ तर सगळ्यात आधी वाळतो.

शंकासुर
मग बंद पोकळ वस्तूला, म्हणजे पोकळ पक्षी वगैरे केला तर सुईने भोक पाडायला का सांगतात? हवा जायलाच ना?

ओलीमाती
थोडं हवेसाठी, जास्त ओलीसाठी. बंद पोकळीत आतल्या बाजूने वाळायला वावच नसतो, आतली हवा दमट होऊन बसते आणि भिंत फक्त बाहेरून वाळते. भोक असलं की आतली ओल बाहेर पडते. शिवाय भिंत ओली असतानाच वाळून आक्रसायला लागली आणि आतली हवा कोंडलेली असली तर सांधा उसवतो, तेही टळतं. टाचणीएवढं भोक पुरतं, चोचीखाली पाडा, कोणाला दिसत नाही.

खापर
बागेतल्या मातीचं मी सांगतो, मी खणलेली मातीच वापरतो.

बागेतला वरचा थर कामाचा नाही, त्यात कुजलेला पाला, मुळं, वाळू सगळं असतं. खाली खणत गेलं की कुठेतरी चिकट थर लागतो, किंवा ओढ्याच्या काठाला उघडा पडलेला दिसतो, तो हवा. मूठभर भिजवून त्याची पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा, तडे न जाता वळली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. दुसरं, काचेच्या बाटलीत थोडी माती आणि बरंचसं पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, त्यावर गाळ, आणि खरी चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळच राहतं. थरांच्या जाडीवरून हातात काय आलंय ते कळतं.

भिजवायची पद्धत बरेच जण उलटी करतात. माती आधी कडकडीत वाळवायची, फोडायची आणि मगच पाण्यात टाकायची. कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की चुरचुर आवाज करत बुडबुडे सोडतं, कडा सुटून ओघळायला लागतात आणि बघता बघता त्याचा मऊ ढीग होतो, हात लावावा लागत नाही. तेच ओलसर ढेकूळ टाका, दोन दिवसांनी काढा, आत तसंच्या तसं घट्ट. मग ढवळून बारीक चाळणीतून गाळायचं, वरचं पाणी निवळू द्यायचं, आणि खालचा दाट चिखल कापडात बांधून टांगायचा.

यात एक मोठा चोर आहे, चुन्याचे खडे. साबुदाण्याहून लहान पांढरा खडा जरी मातीत राहिला तरी भाजताना ८५० अंशांच्या आसपास त्याचा कळीचा चुना होतो, भांडं भट्टीतून अगदी ठणठणीत बाहेर येतं, आणि नंतर हवेतला दमटपणा ओढून ओढून तो खडा फुगतो आणि वरचा टवका उडवतो. टवक्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसला की समजायचं चुना. मातीवर थोडंसं व्हिनेगर टाकून फसफसते का बघा, फसफसली तर गाळणी जास्तच बारीक हवी नाहीतर ती माती सोडून द्या.

नुसती काळी माती घेऊ नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते, भांडं वाळायच्या आधीच भेगाळतं. दुसऱ्या मातीला चिकटपणा कमी असेल तर थोडी मिसळायला मात्र उत्तम.

अर्धवट
साबुदाण्याहून लहान खडा शोधत चिखल गाळत बसायचं आणि मग तो नंतर आपला टवका उडवणार. फारच शांत छंद आहे हो.

नवशिकी
खापर दादा, केवढं सविस्तर! पण खरं सांगू का, एवढं वाचून विकतची घ्यावी असंच वाटायला लागलंय. विकतची घेताना काय बघायचं?

ओलीमाती
सुरुवातीला विकतचीच घे. खणलेल्या मातीत बिघडलं तर माती चुकली का हात चुकला हेच कळत नाही. घेताना तीन गोष्टी विचारायच्या, किती तापमानाला भाजायची, आक्रसते किती, आणि भाजल्यावर पाणी किती पिते. साधारण असं धर की लाल माती, म्हणजे अर्दनवेअर, ९५० ते ११५० च्या दरम्यान भाजतात, ती सच्छिद्रच राहते आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसेल तर पाझरते. स्टोनवेअर १२०० ते १३०० ला, ते घट्ट होतं. पोर्सेलिन त्याच्याही वर जातं, पांढरंशुभ्र आणि दिसायला सुंदर, पण हाताला अत्यंत हट्टी, नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत. तुला बारीक ग्रॉग असलेली स्टोनवेअर माती सोपी जाईल. ग्रॉग म्हणजे आधी भाजलेल्या मातीची भरड. ती परत आक्रसत नाही, त्यामुळे एकूण आक्रसणं कमी होतं आणि ओल बाहेर पडायला वाटाही मिळतात.

आक्रसण्याचा आकडा पाकिटावर असला तरी स्वतः मोजून बघ. मातीची एक पट्टी लाट, त्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ सुरीने ओढ, वाळल्यावर मोज, भाजल्यावर परत मोज. ८.८ भरली तर १२ टक्के आक्रसली. स्टोनवेअर एकूण १० ते १३ टक्के आक्रसते, म्हणजे १० सेंटिमीटरचा मग हवा असेल तर ओला साडेअकराच्या आसपास करायला लागतो. झाकणं बसत नाहीत ती यामुळेच, भांडं आणि झाकण एकाच मातीचं एकाच दिवशी केलं आणि एकत्र वाळवलं की बसतात.

आणि चाक अजिबात लागत नाही. अंगठ्याने गोळा दाबत दाबत वाटी, वळ्या एकावर एक रचून घडा, लाटून केलेल्या पाट्यांचे चौकोनी डबे. माणसं चाकाच्या आधी हजारो वर्षं अशीच भांडी करत होती. चीनमधल्या श्यानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, चाक त्यानंतर बऱ्याच काळाने आलं.

शंकासुर
मळण्याबद्दल कोणीच बोललं नाही. कणिक मळतो तशीच मळायची का?

ओलीमाती
नाही, इथेच गफलत होते. कणिक आपण दुमडून दुमडून मळतो, त्यात हवा कोंडली तर बिघडत नाही. मातीत दुमड पडू द्यायची नाही. गोळा पुढे ढकलायचा, थोडा मागे उचलायचा, परत ढकलायचा, तळहाताच्या मुळाने, आणि वजन खांद्यातून द्यायचं, मनगटातून दिलंत तर दहा मिनिटांत मनगट जातं. झालं का बघायला तारेने गोळा मधोमध कापा, कापलेला भाग एकसारखा गुळगुळीत दिसला पाहिजे, भोकं किंवा दोन रंगांच्या रेघा दिसल्या तर अजून मळा. फार ओली वाटली तर प्लॅस्टरच्या लादीवर मळा, पाणी शोषून घेते. पण लादीचे कपचे मातीत येऊ देऊ नका, प्लॅस्टरचा तुकडा चुन्याच्या खड्यासारखाच टवके उडवतो.

भट्टीवाला
ओव्हनचा प्रश्न तसाच राहिलाय. नाही, चालणार नाही. घरचा ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो, त्यात भांडं फक्त खूप छान वाळतं, भाजत नाही. फरक असा की मातीत दोन प्रकारचं पाणी असतं. एक आपण मळताना घातलेलं, ते शंभरच्या आसपास निघून जातं. दुसरं मातीच्या कणातच बांधलेलं, शुद्ध केओलिनाइट, म्हणजे चिकणमातीतलं एक मुख्य खनिज, घेतलं तर वजनाच्या जवळपास १४ टक्के, आणि ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटतं. ते एकदा गेलं की माती परत चिखल होऊ शकत नाही. त्याआधी भांडं कितीही कडक वाटलं तरी पाण्यात टाकलंत की खापर म्हणाले तसं ओघळून जाणार. ओव्हनमध्ये 'बेक' करायची म्हणून जी माती मिळते ती मातीच नसते, प्लॅस्टिक असतं बहुतेक, आणि हवेत वाळणारी जी मिळते ती शोभेपुरती, पाण्याला टिकत नाही.

पहिली भाजणी म्हणजे बिस्क, साधारण १००० अंशांच्या आसपास, आणि ती कशी चढवायची हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिले काही तास ८०-९० वरच धरून ठेवा, झाकण किंचित उघडं, वरचं भोक उघडं. बाहेर येणाऱ्या हवेसमोर आरसा धरा, धुकं धरतंय तोवर पुढे जायचं नाही. जाड काम असेल तर रात्रभर तसंच राहू दे. मग ६०० पर्यंत तासाला ६० ते १०० अंश, त्यानंतर १५० ने चढवलं तरी चालतं. ५७३ वर मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण, आपली रचना बदलतो आणि एकदम फुगतो, उतरताना तिथेच परत आकसतो, म्हणून तिथे घाई नको. ७०० ते ९०० मध्ये मातीतला कार्बन आणि गंधक जळून जातो, त्याला वेळ आणि हवा दिली नाहीत तर पुढे ग्लेझमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि लोक ग्लेझला शिव्या घालत बसतात. उतरताना भट्टी १०० च्या खाली गेल्याशिवाय उघडू नका, मी परत सांगतो, उघडू नका.

नवशिकी
भट्टीवाला काका, एक विचारू? सगळीकडे 'कोन ६', 'कोन ०६' असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच का?

भट्टीवाला
देवा. बरं झालं विचारलंत. हे एक शून्य भट्टीच्या फळ्या, म्हणजे आत भांडी ठेवायच्या लाद्या, खराब करतं.

कोन म्हणजे ठरावीक मिश्रणाचा छोटा सुळका, ठरावीक तापमानाला तो वाकतो. कोन ०६ वाकतो १००० च्या आसपास आणि कोन ६ साधारण १२२० ते १२४० ला. मधे सव्वादोनशे अंशांचं अंतर. शून्य लावलेले आकडे उलटे चालतात, ०६ पेक्षा ०४ जास्त गरम (सुमारे १०६०), मग ०१, आणि तिथून पुढे १, २, ३ असे सुलटे. ०६ ची लाल माती चुकून ६ ला गेली तर फुगते, वाकते, फार वाईट दिवस असेल तर वितळून फळीवर पसरते.

आता तुम्ही म्हणाल की डिजिटल आकडा दिसतोच की, सुळका कशाला. कारण मातीला नुसतं तापमान कळत नाही, किती वेळ तापवलं तेही कळतं. तोच कोन ६ हळू चढवला तर १२२० ला वाकतो आणि भराभर चढवला तर वीस अंश पुढे जाऊन. जर्मनीत हेर्मान सेगरने हे सुळके १८८६ मध्ये काढले आणि अमेरिकेत ऑर्टनने १८९६ मध्ये बनवायला सुरुवात केली, आपण वापरतो ती आकड्यांची यादी बहुतेक ऑर्टनची. त्याही आधी १७८२ मध्ये वेजवुड या इंग्रज कुंभाराने भट्टीचं तापमान मोजायला एक गंमत केली होती, मातीचे ठरावीक मापाचे तुकडे भट्टीत टाकायचे आणि ते किती आक्रसले ते निमुळत्या खाचेत सरकवून मोजायचं. त्याचे तापमानाचे आकडे भलतेच जास्त यायचे, पण एका भट्टीची दुसरीशी तुलना करायला ते साधन चाललं. ओलीमाती ताईंची १० सेंटिमीटरची पट्टी त्याचीच नात म्हणायची.

खापर
काका, इतकं सगळं ऐकून नवशिकी ताई पळून जातील. भट्टी नसली तरी भाजता येतं हो. खड्डा किंवा भोकं पाडलेला पत्र्याचा पिंप, तळाला भुसा, मध्ये भांडी, भोवती गोवऱ्या-काटक्या, वर फुटक्या खापरांचं झाकण. ६०० ते ९०० पर्यंत जातं, माती पक्की व्हायला पुरतं.

भट्टीवाला
पुरतं, पण कुठलीही माती नाही पुरत. वर जो तासाला ६०-१०० चा वेग सांगितला तो उघड्या आगीत कसा सांभाळणार? तिथे अर्ध्या तासात पाचशे ओलांडतं. विकतची गुळगुळीत माती घालून नवीन माणसाने आवा, म्हणजे ही उघडी भट्टी, लावला तर निम्मं काम खापरं. मग तो म्हणणार मला जमत नाही.

खापर
म्हणून तर मातीत भरड घालायची. एक चतुर्थांश तरी ग्रॉग नाहीतर जाडी वाळू, किंवा वाळलेली लीद, ती जळून गेली की मागे वाफेला वाटा राहतात. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. आणि पेटवायच्या आधी भांडी गरम करून घ्यायची, आगीच्या शेजारी गोल मांडून, फिरवत फिरवत, हातात धरवेनात इतकी तापेपर्यंत. रचलेल्या आव्यात गार भांडं कधी ठेवत नाही मी. तुमच्या त्या ८०-९० च्या रात्रीचंच काम हे, फक्त डोळ्यांसमोर होतं.

रंगाचं विचाराल तर आग उघडी राहिली की लाल, कारण मातीतल्या लोहाला ऑक्सिजन मिळतो. शेवटी भुसा टाकून, राखेने सगळं दाबून हवा बंद केली की भांडं काळं, कार्बन छिद्रांत जाऊन बसतो. मातीत फरक काहीच नाही. त्याआधी भांडं अर्धवट वाळलेलं असताना गुळगुळीत गारगोटीने घोटून घेतलंत तर काळ्यालाही अशी चमक येते की ग्लेझची आठवण होत नाही.

भट्टीवाला
घोटलेल्या काळ्या भांड्याला माझा आक्षेप नाही, सुंदरच असतं. पण त्यात पाणी ठेवलं तर पाझरणार हे सांगून ठेवा.

खापर
पाझरणारच. पाण्याचा माठ गार राहतो तो पाझरतो म्हणूनच. त्याला दोष का म्हणता?

अर्धवट
पेटली. आवा कोणी लावला बघा. बाय द वे, उघड्या आगीत फुटण्यावरून आठवलं, चेक देशात दोल्नी व्हेस्तोनित्से म्हणून जागा आहे, तिथे २५,००० वर्षांहून जुन्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि त्यांचे हजारो तुकडे मिळालेत. अभ्यासकांचं म्हणणं की बरेचसे आगीतच तडकलेत आणि काहींना तर शंका आहे की त्या लोकांना तो फट्ट आवाजच हवा होता, ओली मूर्ती मुद्दाम आगीत टाकायचे. म्हणजे नवशिकी, फुटलं तर परंपरा पाळली असं सांगायचं.

नवशिकी
:फिदी: हे उत्तर लक्षात ठेवते.
बरं, माझ्या जवळ एक सामायिक भट्टी आहे तिथे बिस्क करून देतात असं कळलंय, तर तूर्त भट्टीच. आता चहाचा मग करून बघणारे, वळ्यांचा. कानाबद्दल सांगा, कान तुटतात असं सगळेच म्हणतात.

ओलीमाती
कान तुटत नाही, तो सुटतो. भांडं आधी वाळून घट्ट झालेलं आणि कान ताजा ओला, असं जोडलं की कान जास्त आक्रसतो, भांडं तितकं आक्रसत नाही, आणि जोडावर केसाएवढी भेग पडते. दोन्ही एकाच ओलीवर हवेत, लेदर हार्ड म्हणजे बोटाने दाबलं तर आकार बदलत नाही पण नखाने ओरखडा उठतो, त्या टप्प्यावर. म्हणून कान आधी करून ठेवायचा आणि थोडा घट्ट होऊ द्यायचा. दोन्ही बाजूंना टोकदार काहीतरी घेऊन उभे-आडवे ओरखडे, खोल, लाजत लाजत नको. त्यात त्याच मातीची दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, आणि मग नुसतं चिकटवायचं नाही, किंचित घोळवत दाबायचं, कडेने स्लिप बाहेर आली पाहिजे.

यानंतरचं काम लोक टाळतात. पूर्ण मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक रात्र, सगळी ओल सारखी होऊ दे. दुसऱ्या दिवशी पिशवी सैल. मग कान आणि काठ यांना प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकून बाकीचं उघडं, कारण ते दोघं घाईत असतात. मग उपडं, बूड वर, म्हणजे बूडही मागे राहत नाही. पंख्याखाली, उन्हात, खिडकीत नाही. एका बाजूने वारा लागला की ती बाजू आधी आक्रसते आणि भांडं तिकडे वाकतं. लाटलेली पाटी तर याहून खोडकर, उचलताना वाकली आणि तू ती परत सरळ केलीस तरी भट्टीत ती आठवणीने परत तशीच वाकते. पाटी उचलताना खाली फळी आणि वर फळी, मधे पाटी, अशी उलटायची.

बुडाला मधोमध एसच्या आकाराची भेग पडते ती वेगळीच, ती बहुतेक चाकावरच्या कामात दिसते, कारण भिंती वर ओढताना दाबल्या जातात, बूड दाबलं जात नाही, त्यात मध्ये पाणी साचू दिलेलं असतं. स्पंजने पाणी टिपायचं आणि लाकडी पट्टीने बूड मधून बाहेर आणि बाहेरून मधे असं दाबत राहायचं. वळ्यांच्या मगलाही बूड दाबूनच घे.

शंकासुर
भेग पडलीच तर ती वाळताना पडली का भाजताना हे कळतं का? म्हणजे दोष कोणाला द्यायचा?

भट्टीवाला
कळतं, ग्लेझ झाल्यावर तर फार स्पष्ट कळतं. भेगेच्या कडा बघा. ग्लेझ कडेवर गोलसर होऊन आत ओघळलं असेल तर ग्लेझ वितळलं तेव्हा भेग आधीपासून होती, म्हणजे वाळताना नाहीतर चढताना. कडा ब्लेडसारख्या धारदार असतील, ग्लेझही कापल्यासारखं, तर ती थंड होताना पडली, म्हणजे भट्टी लवकर उघडली. बिस्कला टिचकी मारून ऐकायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर भेग आहे, डोळ्यांना दिसो न दिसो, त्याच्यावर ग्लेझ वाया घालवू नका. आणि ओलीने फुटलेलं तर ओळखावंच लागत नाही, ते भट्टीच्या चारी कोपऱ्यांत सापडतं, शेजारच्या भांड्यांतसुद्धा. सामायिक भट्टी म्हणालात म्हणून सांगतो, अर्धवट वाळलेलं काम दुसऱ्यांच्या कामासोबत आत ढकलू नका.

धुळाक्षर
सगळं वाचलं, एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितेय. धूळ. ओल्या मातीत काही धोका नाही, पण वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, तिचे अगदी बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात ते निघत नाहीत आणि वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले की सिलिकोसिस होतो, त्याला बरं करणारं औषध नाही. घाबरवत नाहीये, उपाय अगदी सोपा आहे, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. वाळलेलं भांडं घासून गुळगुळीत करायचा मोह आवरा, ओल्या स्पंजने करा. कोरडी पावडर मिसळायची असली तर साधा कापडी मास्क पुरत नाही, कणांसाठीचा चांगला मास्क हवा. भट्टी चालू असेल त्या खोलीत झोपायचं नाही, खिडक्या उघड्या, कारण पेटवलेल्या इंधनाचा कार्बन मोनॉक्साइड असतोच आणि मातीतून गंधकाची वाफही येते. आणि शिसं असलेलं ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्याला नकोच.

भट्टीवाला
धुळाक्षर ताई, १०० टक्के अनुमोदन. त्यात अजून एक, चालू भट्टीच्या भोकातून बघताना त्या कामाचा गडद चष्मा घाला. अर्धवट यांनी टक लावून बघू नये ते या कारणाने.

नवशिकी
ग्लेझबद्दल आत्ता विचारू का नको? एकच, बिस्क का करायचं, डायरेक्ट ग्लेझ लावून एकदाच भाजलं तर?

ओलीमाती
एकदाच भाजणारे आहेत, पण कच्च्या भांड्याला ग्लेझचं पाणी लागलं की ते परत मऊ पडतं, हातात कान राहतो. बिस्क कडक पण सच्छिद्र असतं, ग्लेझमध्ये दोन-तीन सेकंद बुडवलं की पाणी आत ओढून घेतं आणि वर पावडरीचा सारखा थर बसतो. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच, सिलिका काच बनवते, ती एकटी १७०० च्या पुढे वितळते म्हणून तिला लवकर वितळवणारे फ्लक्स घालतात, आणि वितळल्यावर भिंतीवरून खाली ओघळू नये म्हणून अॅल्युमिना. तुला तूर्त एवढंच पाळायचंय की बूड आणि त्यावरचा अर्धा सेंटिमीटर स्पंजने कोरा पुसायचा, नाहीतर तुझा मग भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो. आणि बिस्कला तेलकट हात लावायचा नाही, तिथे ग्लेझ गोळा होऊन मागे सरकतं. बाकी ग्लेझला वेगळा धागा काढ, तिथे काका दोन दिवस बोलतील.

नवशिकी
काढते. शेवटचं, कच्चं काम बिघडलं तर माती फुकट जाते का?

खापर
कच्चं असेल तर कणभरही फुकट जात नाही. कडकडीत वाळवा, फोडा, बादलीत टाका, वर सांगितलं तसं. वेगवेगळ्या माती एकाच बादलीत टाकू नका फक्त, आक्रसण्याचा आणि भाजण्याचा सगळा हिशोब बिघडतो, लाल आणि पांढऱ्याला दोन बादल्या. भाजलेलं फुटलं तर ते परत माती होत नाही, ते कुटा, चाळा आणि भरड म्हणून पुढच्या मातीत घाला. कुटताना ओलं करून, नाहीतर धुळाक्षर ताई ओरडतील.

धुळाक्षर
ओरडणारच.